"ह्या नेहमी अशाच असतात का?"

काकूचा फोन आला तेव्हा मी हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवत होते. "आईंना बरं नाहीये गं. ताप नाही, पण दुपारपासून नुसत्या झोपून आहेत. जेवल्याही नाहीत." मी तेव्हा इंटर्न होते, म्हणजे घरच्यांच्या लेखी पूर्ण डॉक्टर आणि हॉस्पिटलात अर्धी. ताप नाही ना, मग झोपू दे, असं सांगून मी फोन ठेवला. आजी ७८ वर्षांची, मधुमेही. दोन दिवसांपूर्वी लघवीला जळजळ होते म्हणाली होती. ते काकूने मला सांगितलंही होतं, आणि मी विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामबागेतल्या घरून रिक्षाने तिला कॅज्युअल्टीत आणलं. श्वास मिनिटाला २६. वरचं बीपी १०४. ताप तेव्हाही नव्हता. हाक मारली की डोळे उघडायची, "हो" म्हणायची आणि पुन्हा मिटायची. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "ह्या नेहमी अशाच असतात का?"

मी "वय झालंय, थोडं..." असं काहीतरी म्हणणार तेवढ्यात काकू मला थांबवून म्हणाली, "छे हो! परवा रात्री आम्ही झब्बू खेळलो. मलाच हरवलं त्यांनी. आज सकाळपासून त्यांना माझं नाव आठवत नाहीये."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सिस्टरना सलाइन लावायला, रक्त घ्यायला आणि अँटिबायोटिक काढायला सांगितलं. आज मी स्वतः इमर्जन्सी मेडिसिनची रेसिडेंट आहे, त्यामुळे त्या कागदावर काय बदललं ते मला नीट कळतं.

जखम चिघळली की 'सेप्टिक झालं' असं आपण सहज म्हणतो. सेप्सिस त्याहून वेगळा. शरीरात कुठेतरी संसर्ग होतो, लघवीचा, फुप्फुसाचा, पोटाचा. आणि त्याच्याशी लढताना शरीराचं तंत्रच बिघडतं. मग मूत्रपिंड, मेंदू, रक्ताभिसरण असे अवयव कोलमडू लागतात. २०१७ साली जगभरात याचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि १ कोटी १० लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. म्हणजे त्या वर्षीच्या दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक.

अडचण अशी की कॅज्युअल्टीत आलेल्या गर्दीत सेप्सिस कपाळावर लिहिलेला नसतो. म्हातारी माणसं आणि मधुमेही यांना तर कित्येकदा तापच येत नाही, उलट अंग गार पडतं. म्हणून २०१६ साली तज्ज्ञांनी एक सोपी मोजणी सुचवली, तिचं नाव क्यूसोफा. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त असेल तर एक गुण, वरचं बीपी १०० किंवा कमी असेल तर एक, आणि शुद्धीत किंवा भानात फरक पडला असेल तर एक. संसर्गाची शंका आहे आणि दोन गुण झाले, तर धोका मोठा. रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही, घड्याळ आणि बीपीचं यंत्र पुरतं.

आजीचा श्वासाचा एक गुण होता. बीपी चार अंकांनी सुटलं होतं. दुसरा गुण काकूच्या झब्बूने दिला.

पण या मोजणीवरही पूर्ण विसंबता येत नाही. दोन गुण होईपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो, आणि बरेच रुग्ण तोवर त्यातून निसटतात. म्हणूनच २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात, एकट्या क्यूसोफावर चाळणी लावू नका, असं सांगितलं आहे. कॉम्प्युटरला विचारू म्हणाल, तर त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातला एक अभ्यास आला. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरात असलेलं भाकीत करणारं सॉफ्टवेअर तिथे तपासलं, तर सेप्सिसच्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या बाबतीत त्याने इशाराच दिला नव्हता. आणि जिथे नको तिथे घंटा वाजवून डॉक्टरांना हैराण केलं होतं, ते वेगळंच.

आजीचं लॅक्टेट ४.२ आलं. पेशींना पुरेसा रक्तपुरवठा होत नाही तेव्हा हे वाढतं. दोनच्या आत असावं. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, "वाचेल ना? किती टक्के?" ते म्हणाले, "दोन तासांनी लॅक्टेट परत करू, मग बोलू." मला रागच आला. एवढे स्कोअर पाठ करायला लावता, मग एक आकडा का सांगत नाही?

आता तोच प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. समजा, अशा शंभर रुग्णांपैकी वीस दगावतात. तरी समोरचा माणूस त्या विसांतला की ऐंशीतला, हे स्कोअर सांगत नाही. तो सांगतो एवढंच, की याच्याकडे आधी धावा. खरा अंदाज उपचार सुरू झाल्यावर येऊ लागतो. बीपी धरून राहतंय का, लघवी होतेय का, लॅक्टेट उतरतंय का. दोन तासांनी आजीचं ३.१ आलं, संध्याकाळी २च्या खाली. तेव्हा कुठे ते डॉक्टर माझ्याशी नीट बोलले.

घरी आजी-आजोबा असतील त्यांच्यासाठी एक सांगते. संसर्गाची शंका असताना माणूस गुंगीत वाटला, असंबद्ध बोलू लागला, धाप लागली किंवा लघवी फार कमी झाली, तर ताप नाही म्हणून थांबू नका. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, त्यांना न सांगता. सांगितलं की श्वास बदलतो. आणि हॉस्पिटलात कुणाला तरी पाठवायचंच असेल, तर जो त्यांच्यासोबत रोज राहतो त्याला पाठवा. इंग्रजी बोलणारा पुतण्या नंतर आला तरी चालेल.

आजी नवव्या दिवशी घरी आली. जिना चढायला पुढे तीन महिने लागले आणि दुपारची झोप वाढली ती वाढलीच. झब्बू मात्र सुरू आहे. काकू पानं लपवते असं तिचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे.