पोरगं शहरात कॉलेजला आहे? मग तिथला 'समान संधी कक्ष' कुठे आहे ते आजच विचारा

धडगाव, अक्कलकुवा भागातली बारावी झालेली मुलं जळगाव, नाशिक, पुण्याला ॲडमिशन घेतात. बाप उसनेपासने करून पोराला पोहोचवून येतो. दिवाळीला घरी आलेलं पोरगं मात्र कधीकधी परत जातच नाही. विचारलं तर म्हणतं, "तिथं जमत नाही."

पैसा कमी पडतो, हे तर आहेच. पण घरी पावरी, शाळेत मराठी आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. बोललं की मागच्या बाकावरून हसू येतं. मग पोरगं वर्गात प्रश्न विचारणं सोडतं, नंतर वर्गच सोडतं.

अशा मुलांसाठी कॉलेजातच सोय असायला हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१२ मध्ये तसा नियम केला. त्यात समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी नेमायला सांगितलं. अनेक ठिकाणी एससी-एसटी सेलही असतो. शिष्यवृत्तीचं अडलं, विषय डोक्यावरून जातोय, जातीवरून कुणी बोललं, तर इथे जायचं. काही कॉलेजांत हा कक्ष म्हणजे नुसती दारावरची पाटी असते, हे खरं आहे. म्हणून तोंडी सांगून निघू नका. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. कागद असला की विचारता येतं.

आणखी एक. जातीवरून, भाषेवरून किंवा गावावरून त्रास देणं, एकटं पाडणं हेसुद्धा रॅगिंगच आहे. २०१६ मध्ये यूजीसीने नियमात तसं स्पष्ट लिहिलं. तक्रारीसाठी टोल फ्री नंबर १८००-१८०-५५२२. हा मुलाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आता पैशाचं. पहिल्यांदा आदिवासी विभागाच्या सरकारी वसतिगृहासाठी अर्ज करायचा. तिथे जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. जेवण, खोली आणि इतर खर्चासाठी वर्षाला पुण्यात ६० हजार, नाशिकला ५१ हजार आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये, अशी रक्कम योजनेत ठरवलेली आहे. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, त्यामुळे आधार बँकेला जोडलेलं आहे का ते आधी बघा. फीसाठीची भारत सरकार शिष्यवृत्ती वेगळी. तिचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर आणि सेतू दोन्हीकडे गर्दी असते.

पहिल्या वर्षी फॉर्म भरला म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, आणि बरीच मुलं नेमकी तिथेच चुकतात.