भंगारातून स्मोकर गाडी: पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात नाही

"सर, भंगारातून बार्बेक्यूची गाडी किती रुपयांत होईल?" स्मोकरचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. मी उलट विचारतो, ती गाडी रोज कोळसा किती खाणार, ते धरलंय का? गाडी एकदा बनते, कोळसा रोज जळतो. समजा, नीट बनवलेल्या गाडीचं दिवसाला 4 किलोत भागतं आणि झाकणाला फटी राहिलेली गाडी 6 किलो घेते. कोळसा 50 रुपये किलो धरा. रोजचे 100 रुपये जास्त, महिन्याचे 26 दिवस धरले तर 2,600 आणि वर्षाचे 31,200. भंगारवाल्याशी घासाघीस करून वाचवलेले दोन हजार पहिल्याच महिन्यात धुरात गेले!

म्हणून भंगारात जायच्या आधी आपण नेमकं काय बनवतोय ते समजून घेऊ. आपल्याकडे कोळशावरची गाडी म्हणजे उघडी शेगडी, सळया आणि सतत मारायचा पंखा. स्मोकर हा झाकणबंद प्रकार. आत साधारण 110 ते 135 अंश सेल्सिअस तापमान ठेवायचं आणि माल हळूहळू, धुरात शिजू द्यायचा. चिकनच्या लेगपीसला दीड ते दोन तास लागतात. तुम्ही म्हणाल, एवढा वेळ गिऱ्हाईक थांबणार आहे का? नाही थांबणार, आणि त्याची गरजही नाही. दुपारी माल लावायचा, संध्याकाळी 60 अंशांच्या वर गरम ठेवायचा आणि ऑर्डर आली की निखाऱ्यावर दोन मिनिटं फिरवून द्यायचा. गर्दीच्या वेळी उघड्या शेगडीवाल्याला कच्च्या मालापासून सुरुवात करावी लागते, तुमचा माल तयार असतो. धंद्याच्या दृष्टीने स्मोकरचा खरा फायदा हा आहे. चव ही त्याच्यावरची कमाई.

टाकाऊ वस्तूतून भट्टी बनवणं हे काही नवीन नाही. जमैकात किंग्स्टनच्या रस्त्यांवर लोखंडी ड्रम लांबीत चिरून, बिजागऱ्या लावून त्यावर चिकन भाजतात. तिथे त्याला पॅन चिकन म्हणतात आणि त्यावर कितीतरी घरं चालतात. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करायचा. तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी पत्र्याचे अर्धगोल बनत. 1952 मध्ये त्याने बोया मधोमध कापून त्याची झाकणाची शेगडी केली, कारण उघड्या शेगडीवर वारा आणि भडकणाऱ्या ज्वाळा त्याला छळत होत्या. आज जगभर विकली जाणारी वेबरची गोल शेगडी तिथून आली. त्याच्या कल्पनेत महत्त्वाचं काय होतं? झाकण आणि हवेची भोकं. आपलं सगळं गणितही तिथेच आहे.

आता ड्रम. साधा 200 लिटरचा लोखंडी ड्रम साधारण 57 सेंटिमीटर व्यासाचा आणि 88 सेंटिमीटर उंच असतो. उभा ठेवला तर जाळीला 57 सेंटिमीटरचा गोल मिळतो, म्हणजे जेमतेम 2,550 चौरस सेंटिमीटर. आडवा करून लांबीत कापला तर 57 गुणिले 88, म्हणजे 5,000 च्या वर. माल जवळजवळ दुप्पट मावतो. मग सगळेच आडवा का करत नाहीत? कारण उभ्या ड्रमला फट कमी, उष्णता खालून सरळ वर जाते आणि कोळसा कमी लागतो. आडव्याच्या कापाला दोन्ही बाजूंनी पट्टी नीट बसली नाही, तर तो हवा ओढतच राहतो. माझं मत विचाराल तर, सुरुवातीला उभा ड्रम आणि शेजारी एक छोटी उघडी शेगडी, फक्त शेवटच्या दोन मिनिटांसाठी. धंदा जमला की आडवा करा.

ड्रम घेताना सगळ्यात मोठा प्रश्न एकच: आधी आत काय होतं? केमिकल, रंग, थिनर, कीटकनाशक यांचा ड्रम फुकट दिला तरी नको. "जाळला की साफ होतो" असं भंगारवाला सांगेल, ऐकू नका. खाद्यतेलाचा बघा, नाहीतर आंब्याच्या पल्पचा. पल्प बहुतेक वेळा ड्रमच्या आत बंद पिशवीत भरलेला असतो, त्यामुळे पत्र्याला लागलेलाच नसतो. तरीही आतून रंगाचा थर आहे का ते बघायचं. लालसर, तपकिरी चकचकीत थर असेल तर तो लायनिंगचा. तो पूर्ण खरवडून, जाळून काढावा लागतो आणि सहजासहजी निघत नाही. आतून उघडा पत्रा असलेला ड्रम दोनशे रुपये जास्त देऊनही स्वस्त पडतो.

आणि एक गोष्ट फॅब्रिकेटरकडे उभं राहून करून घ्या. बंद ड्रमला थेट ग्राइंडर लावायचा नाही. आत तेलाची किंवा थिनरची वाफ राहिलेली असेल तर ठिणगीने ड्रम फुटतो, माणसं मेली आहेत. दोन्ही बुचं काढून, गरम पाणी आणि साबणाने धुऊन, ड्रम पाण्याने भरून मग कापायचा. परदेशी व्हिडिओत गॅसची टाकी कापून स्मोकर करताना दाखवतात. आपल्याकडे घरगुती सिलिंडर कंपनीच्या मालकीचा असतो. तो कापणं बेकायदा आणि जिवावर बेतणारं, विषय संपला.

दुसरा धोका चमकणाऱ्या वस्तूंचा. जीआय पाइप, जीआय पत्रा, जीआयची जाळी यांच्यावर जस्ताचा मुलामा असतो. त्याला वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो आणि वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायलं की उतरतो ही समजूत आहे, औषध नाही. असा मुलामा आगीजवळ किंवा अन्नाजवळ नकोच. छपराच्या खांबाला जीआय चालेल, तेही वेल्डिंगऐवजी नटबोल्टने. जुन्या फ्रिजच्या जाळ्या अगदी मापात बसतात म्हणून लोक उचलतात, पण त्यातल्या काहींवर कॅडमियमचा मुलामा असायचा. त्या भंगारातच राहू द्या.

जाळी मात्र नवीन घ्या. अन्नाला लागणारी प्रत्येक गोष्ट नवीन, हा माझा नियम आहे. दुकानदार मॅग्नेट लावून दाखवेल, "चिकटत नाही, म्हणजे 304 आहे." 202 ग्रेडच्या स्टीललाही मॅग्नेट जवळजवळ चिकटत नाही आणि ते लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून मागा.

मग भंगारातून घ्यायचं काय? भरपूर आहे. जुन्या वॉशिंग मशीनचा स्टीलचा आतला ड्रम म्हणजे कोळशाची तयार टोपली. भोकं आधीच पाडलेली, फक्त प्लास्टिकचे भाग काढून टाका आणि तुमच्या ड्रममध्ये मावतो का ते टेपने मोजा. बंद पडलेल्या हॉटेलचं स्टीलचं टेबल काउंटरला मस्त. सांगाड्याला एमएसचे अँगल आणि चौकोनी पाइप, तेही किलोवर. चाकं आणि एक्सल जुन्या हातगाडीचे चालतात, पण बेअरिंग नवीन टाका. ड्रमचं वजन एक्सलच्या बरोबर वर आणि जितकं खाली ठेवता येईल तितकं खाली. गाडीला लाकडी फळी असेल तर ड्रम तिच्यावर टेकवू नका. मध्ये लोखंडी स्टँड, हवेची मोकळी जागा आणि पत्रा हवाच.

हवेची रचना सोपी आहे. ड्रमच्या तळाशी इंचभर व्यासाची तीन-चार भोकं आणि त्यांना सरकती झाकणं. वर झाकणात दोन इंची पाइप. कोळशापासून जाळी साधारण दोन फूट वर. तापमान नेहमी खालच्या भोकांनी सांभाळायचं, वरचा पाइप उघडाच. वरचा बंद केला की धूर आत कोंडतो आणि चिकन कडू लागतं. दाट पांढरा धूर दिसला तर माल लावायची घाई नको, निळसर पातळ धुराची वाट बघा. थर्मामीटर झाकणावर न लावता जाळीच्या उंचीवर लावा, आणि मांसात टोचायचा वेगळा घ्या. चिकन आतून 74 अंशांना पोचलंच पाहिजे, रंगावर जाऊ नका.

धुरासाठी लाकूड म्हणाल तर आंबा, पेरू, बाभूळ, पूर्ण वाळलेलं. फर्निचरवाल्याचे तुकडे, प्लायवूड, रंगवलेली फळी नको. पॅकिंगच्या पॅलेटवर एमबी असा शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते.

पहिली आग रिकामी लावा, तीही उघड्यावर. बंद गाळ्यात कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. दोन-तीन तास जोरात जाळा, थंड झाल्यावर आतून शेंगदाण्याच्या तेलाचा हात द्या आणि पुन्हा तापवा. बिडाचा तवा मुरवतो तसंच. रंग फक्त बाहेरून, तोही हीट रेझिस्टंट.

कागदपत्रं गाडी पूर्ण व्हायच्या आधी सुरू करा. एफएसएसएआयची नोंदणी लागते, तिचा 14 आकडी नंबर गाडीवर दिसला पाहिजे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्री प्रमाणपत्र नगरपालिका किंवा महापालिकेकडून मिळतं. जागेचं माप आधी विचारा, मग सांगाडा कापा. पीएम स्वनिधीत पहिल्या टप्प्याचं कर्ज आधी 10,000 होतं, 2025 मध्ये ते 15,000 झालं. हे पैसे जाळी, थर्मामीटर, बेअरिंग आणि पहिल्या आठवड्याच्या मालाला ठेवा, दिव्यांच्या माळेला नको.

धंदा उघडायच्या आधी किमान चार दिवस ट्रायल घ्या. कोळसा पेटवण्याआधी वजन करा, शेवटी उरलेला विझवून परत वजन करा. कच्चं चिकन किती ग्रॅम लावलं, शिजल्यावर किती उतरलं तेही लिहा, कारण पाणी उडून वजन घटतं आणि ती घट तुमच्या खिशातून जाते. हे चार आकडे वहीत आले की मगच पीसचा भाव ठरवायला बसा.