मुकुटाविना राजकुळांचा मूळपुरुष : जॉन ऑफ गाँट

इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचा हा मुलगा १३४० मध्ये आजच्या बेल्जियममधल्या घेंट शहरात जन्मला. त्या गावाच्या नावाचं इंग्रजी रूप ‘गाँट’ त्याला कायमचं चिकटलं.

१३५९ मध्ये लँकेस्टरच्या ब्लँचशी त्याचं लग्न झालं. तिच्या माहेरच्या अफाट जहागिरी त्याच्याकडे आल्या आणि १३६२ मध्ये तो लँकेस्टरचा ड्यूक झाला. ब्लँच १३६८ मध्ये वारली. तिच्या आठवणीत कवी चॉसरने दीर्घकाव्य लिहिलं.

दुसरी पत्नी कॉन्स्टन्स ही कॅस्टिलची राजकन्या. तिच्या हक्काने स्पेनमधलं ते राज्य मिळवण्यासाठी त्याने वर्षानुवर्षं धडपड केली. अखेर मोठी रक्कम घेऊन दावा सोडला. त्याची एक मुलगी पोर्तुगालची, तर दुसरी कॅस्टिलची राणी झाली.

पुतण्या दुसरा रिचर्ड लहान वयात गादीवर बसला, तेव्हा करांनी पिचलेल्या लोकांचा रोष काकावर होता. १३८१ च्या शेतकरी उठावात बंडखोरांनी लंडनमधला त्याचा सॅव्हॉय राजवाडा जाळला.

१३९६ मध्ये त्याने जुनी प्रेयसी कॅथरिन स्विनफर्ड हिच्याशी विवाह केला. त्यांची ब्यूफोर्ट मुलं पुढे औरस ठरवली गेली.

३ फेब्रुवारी १३९९ रोजी त्याचा मृत्यू झाला. रिचर्डने जहागीर जप्त करताच हद्दपार मुलगा हेन्री परतला आणि त्याच वर्षी चौथा हेन्री म्हणून राजा झाला. ट्यूडर घराण्याचा पहिला राजा सातवा हेन्री हा गाँटची पणती मार्गरेट ब्यूफोर्ट हिचा मुलगा.