ड्रोन आणि त्याचा चालक

2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यातील अनेक गावांत रात्री ड्रोन दिसल्याच्या वार्ता पसरल्या आणि गावकऱ्यांनी भयाने जागता पहारा ठेवला. सीमेलगतच्या ठाणाकुशनूरसारख्या गावांनीही त्यापासून बोध घ्यावा. भय केवळ यंत्राचे नव्हते. ते उडविणारा कोण व त्याचा हेतू काय, हे न कळण्याचे होते.

हेतू निर्मळ असला तरी धोका उरतोच. लग्नमंडपावर 30 मीटर उंचीवरून चित्रण करणारा ड्रोन बंद पडला, तर हवेचा अडथळा न धरता तो ताशी सुमारे 87 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळेल. बीदर येथे हवाई दलाचे वैमानिक प्रशिक्षण घेतात. तेथील आकाशात असे यंत्र शिरले, तर विमानासही ते घातक ठरू शकते.

म्हणूनच 2021 च्या ड्रोन नियमांनी नोंदणी व ओळखक्रमांक आवश्यक केले आणि आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे विभाग पाडले. तांबड्या विभागात केंद्र सरकारच्या अनुमतीवाचून उड्डाण वर्ज्य आहे. हिरव्या विभागात 400 फुटांपर्यंत मोकळीक आहे. परंतु खाली माणसे आहेत, हे भान नकाशा देत नाही. ते चालकाजवळच असावे लागते.