बुक्क्याचा वास आणि कपाळाची खाज

सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात कुंकू-बुक्क्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. काळ्या बुक्क्यात नागरमोथा, वाळा, दवणा, लवंग अशी वासाची द्रव्यं घालण्याची रीत आहे. लवंगेतला युजेनॉल हा घटक काहींच्या त्वचेला सोसत नाही, तोही लवंग अस्सल असताना. ‘नॅचरल आहे, काही होत नाही’ हे दुकानदाराचं पालुपद म्हणूनच फारसं मनावर घेऊ नये.

क्रीम, साबण, अत्तरांत सर्रास असणाऱ्या लिनालूल या सुगंधी घटकाची गोष्ट जरा निराळी. ताजं असताना ते बहुतेकांना बाधत नाही. हवा लागून ऑक्सिडेशन झालं की त्यातून ॲलर्जी आणणारी संयुगं तयार होतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. अशा वेळी खिडकीत, झाकण सैल ठेवलेली जुनी बाटली सरळ फेकून द्यावी.

युरोपीय संघात असे घटक ठरावीक प्रमाणाच्या वर असतील तर लेबलवर नावानिशी द्यावे लागतात: लावून ठेवायच्या क्रीममध्ये ०.००१ टक्के, धुऊन टाकायच्या साबणात ०.०१ टक्के. पूर्वी अशी २६ नावं होती. २०२३च्या नियमाने यादी ऐंशीच्या वर गेली. आपल्याकडच्या डब्यावर बहुधा नुसतं ‘परफ्यूम’ लिहिलेलं दिसतं.

ॲलर्जीचा चट्टा कधी लगेच, पण बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी उठतो. खाज, लाली, बारीक पुरळ दिसलं की ती वस्तू बंद करावी. वारंवार होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात, त्यात नेमका घटक सापडू शकतो.