विश्लेषण : प्लग-इन हायब्रिडचे मायलेज ८३! मग खिशातून गेले किती?

कंपनी सांगते ते मायलेज रस्त्यावर मिळत नाही, हे आता कुणाला सांगायला नको. पण प्लग-इन हायब्रिडमध्ये ही तफावत फारच मोठी निघाली. २०२१मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांतील इंधनमापकांची माहिती युरोपीय आयोगाने मार्च २०२४मध्ये जाहीर केली. या गाड्यांचे रस्त्यावरील कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी ३.५ पट होते. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हाच फरक सुमारे २० टक्के. मुख्य कारण साधे आहे : गृहीत धरले होते तितक्या वेळा मालक गाडी चार्जच करत नव्हते.

प्लग-इन म्हणजे नेमके काय?

आपल्याकडच्या इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडला प्लग नसतो. इंजिन आणि ब्रेक यांतूनच तिची छोटी बॅटरी भरते. प्लग-इनची बॅटरी मोठी असते आणि ती सॉकेटवर चार्ज होते. ती संपली की गाडी पेट्रोलवर. भारतात हे प्रकरण अजून श्रीमंतांचेच : डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एक्सएमची किंमत होती २.६० कोटी रुपये! परदेशात मात्र मध्यम आकाराच्या कौटुंबिक गाड्याही प्लग-इन मिळतात. खालचा हिशेब तशा गाडीचा आहे.

महिन्याचा हिशेब कसा मांडायचा?

बेलापूरच्या खाडीकिनारी असलेल्या दिवाळे गावातून रोज वाशीला जाणारे कुटुंब घेऊ. मधली कामे धरून दिवसाला ३० किमी, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ७५० किमी. गाडी एका युनिटमध्ये ५ किमी आणि बॅटरी संपल्यावर लिटरला १६ किमी जाते असे समजू. पेट्रोल १०४ रुपये, वीज १२ रुपये युनिट.

रोज रात्री चार्जिंग केले तर १५० युनिट, १,८०० रुपये. पेट्रोल शून्य.

आता त्याच महिन्यात एक पुणे फेरी, २४० किमी. पहिले ५० किमी विजेवर (१२० रुपये), उरलेले १९० पेट्रोलवर. ते झाले सुमारे १२ लिटर, १,२३५ रुपये.

एकूण ९९० किमी आणि पेट्रोल जेमतेम १२ लिटर. स्क्रीनवर मायलेज दिसेल ८३. व्हॉट्सॲपवर टाकायला झकास! पण खर्च झाला ३,१५५ रुपये, किलोमीटरला ३.१९. म्हणजे पैशाच्या भाषेत ही लिटरला साधारण ३३ किमी देणारी गाडी. हेही उत्तमच, पण ८३ नव्हे.

वीजबिलातली मेख कोणती?

१२ रुपये हा दर आपण धरला. महावितरणच्या घरगुती बिलात मात्र १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्याचा दर चढा असतो. घराचा वापर २०० युनिट असेल, तर गाडीच्या १५०पैकी ५० युनिट तिसऱ्या टप्प्यात जातात. उन्हाळ्यात एसी सुरू झाला की त्याहून जास्त. म्हणून बिलाची सरासरी काढू नका. गाडीचे युनिट धरून आणि वगळून येणाऱ्या बिलांतला फरक काढा. दर १६ पडला तर वरचे ३३ किमी २७वर येतात.

युनिटही गाडीच्या स्क्रीनवरून घेऊ नका. तिथे बॅटरीत पोहोचलेली वीज दिसते; चार्जरमध्ये उष्णता होऊन गेलेली वीज दिसत नाही, पण बिलात येते. चार्जिंगच्या लाइनवर सबमीटर बसवा. पेट्रोलसाठी टाकी ऑटो-कटपर्यंत भरायची, लिटर आणि ओडोमीटर लिहायचे; जुनीच पद्धत, तीच खरी.

सॉकेटच नसेल तर?

खरी अडचण इथे आहे. गावठाणात घरे खेटून आणि गल्ल्या अरुंद असतात. घर एकीकडे, गाडी दुसरीकडे. गल्लीतून एक्स्टेन्शन वायर ओढणे, तेही पावसाळ्यात आणि खाडीच्या खाऱ्या हवेत, हा पर्यायच नव्हे. चार्ज न करता तेच ९९० किमी चालवले तर पेट्रोल ६,४३५ रुपयांचे. लिटरला २२ किमी देणारी बिनप्लगची हायब्रिड तेवढेच अंतर ४,६८० रुपयांत जाईल, कारण ती मोठ्या बॅटरीचे ओझे वाहत नाही.

अटल सेतूवरून नियमित जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. कारला एका बाजूचा टोल २५० रुपये आहे. २२ ऑगस्ट २०२५पासून इलेक्ट्रिक चारचाकींना तो माफ झाला. प्लग-इनला पेट्रोलची टाकी असते. तेव्हा ही माफी हिशेबात धरण्याआधी आरसीवर इंधनाचा प्रकार काय लिहिला आहे ते तपासा.