जुनी मोटार अडते तेव्हा

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना इंजिन ही वस्तू परकी नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 साली उभा राहिला, साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिने घडविली, आणि विहिरीवरच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्याचे दुखणे सांगणारे शेतकरी कृष्णाकाठी गावोगाव होते. असे असूनही दारातली जुनी मोटार एखाद्या सकाळी सुरू झाली नाही, की आपण सुशिक्षित माणसे हतबल होतो. किल्ली पुनःपुन्हा फिरवतो, गाडी ढकलून घेतो आणि शेवटी कोणी सांगेल तो भाग बदलतो. आधी बॅटरी नवी येते, मग प्लग, मग कॉइल. हजारो रुपये जातात आणि दोष निघतो एका सैल तारेत! दोष शोधण्याला एक शिस्त असते, आणि ती समजून घेण्यासाठी मेकॅनिक व्हावे लागत नाही, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

पेट्रोलचे इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात. प्रथम ते बाहेरच्या शक्तीने फिरले पाहिजे. दुसरे, हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, म्हणजे वजनाने सुमारे पंधरा भाग हवेस एक भाग पेट्रोल, आत गेले पाहिजे. आणि तिसरे, ते मिश्रण दाबले जाताच नेमक्या क्षणी ठिणगी पडली पाहिजे. कुर्ल्याची जुनी फियाट असो, ॲम्बॅसडर असो की पहिल्या पिढीची मारुती 800 असो, नियम हाच. म्हणून प्रश्नही तीनच, आणि ते क्रमानेच विचारावयाचे.

पहिला प्रश्न: इंजिन फिरते का? गिअर न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून, पुढचे दिवे लावावेत आणि मग किल्ली फिरवावी. दिवे मुळातच मंद असतील किंवा किल्ली फिरवताच विझू लागतील, तर संशय बॅटरीवर. परंतु बॅटरी बदलण्यापूर्वी तिची दोन टोके पाहावीत. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, पट्टा हाताने हलत असेल, तर चांगली बॅटरीही निरुपयोगी ठरते. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो. दिव्याला पुरणारी वाट त्याला पुरत नाही. विश्रांतीत असलेल्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो; किल्ली फिरवताना तो साडेनऊच्या खाली जाऊ लागला, तर बॅटरी उतरली आहे किंवा संपली आहे असे समजावे. याउलट दिवे लख्ख राहिले आणि इंजिन मात्र हलले नाही, तर दोष स्टार्टरमध्ये, त्याच्या तारेत किंवा किल्लीच्या स्विचमध्ये शोधावा. केवळ दिव्यांच्या साक्षीने निम्मा तपास येथे संपतो.

इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा दुसरा प्रश्न पेट्रोलचा. टाकीचा काटा जुन्या गाडीत खोटे बोलतो, हे आधी ध्यानात घ्यावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवेच्या फिल्टरचे झाकण काढून, इंजिन बंद असताना, हाताने थ्रॉटल उघडला म्हणजे आत पेट्रोलची बारीक धार दिसावी. ती नसेल तर पंप, फिल्टर किंवा नळी तपासावी. उलट पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर मिश्रण जास्त झाले आहे. चोक बंद करून थोडा वेळ थांबावे, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर द्यावा. 2000 सालाच्या सुमारास इंजेक्शनच्या गाड्या सर्वत्र आल्या. त्यांत किल्ली 'ऑन' करताच टाकीतला विजेचा पंप क्षण-दोन क्षण गुणगुणतो. तो आवाज नसेल तर आधी फ्यूज पाहावा.

येथे आपल्या प्रदेशाचे हवामानही साक्षीला येते. मे महिन्यात पसरणीचा घाट चढून थांबलेली जुनी गाडी पुन्हा सुरू होईना, तर बहुधा तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. इंजिन निवू देणे आणि पंपावर ओले फडके ठेवणे हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय शास्त्रशुद्धच आहे. दुसरी गोष्ट उसाची. 2025 पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत नळ्या व टाकीतले पेट्रोल यांची चौकशी आधी करावी.

तिसरा प्रश्न ठिणगीचा. महाबळेश्वरकडच्या पावसात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला आतून दमट धरते आणि प्लगकडे जावयाची वीज वाटेतच फुटते. किल्ली काढून, झाकण कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा बसविले, की पुष्कळदा काम होते. ठिणगी डोळ्यांनी पाहण्याचा प्रयोग मात्र जाणकाराच्या हातीच द्यावा. तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो आणि जवळच पेट्रोल.

काही गोष्टी मुळीच करू नयेत. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक देऊ नये. मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. यवतेश्वरच्या उतारावर बंद गाडी सोडून ती सुरू करण्याचे साहस करू नये, कारण इंजिन बंद असताना ब्रेकची मदत लवकरच संपते आणि गाडी आवरण्यास पाय फार जोराने दाबावा लागतो. आणि पुरात बुडालेल्या गाडीची किल्ली कदापि फिरवू नये. 2019 व 2021 च्या महापुरांत सांगलीत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरविले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाचू शकणारे इंजिन आपल्याच हाताने जाते. आधी बॅटरी सोडवावी. मग प्लग काढून पाणी उपसणे, ऑइल बदलणे ही कामे मेकॅनिककडून करून घ्यावीत. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही गालिचा उचलून खाली गाळ आहे का, सीटच्या बोल्टांना गंज आहे का, हे पाहावे.

सगळ्या तपासात एक नियम कधी मोडू नये: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. दोन बदलल्या, तर गाडी सुरू होईल, पण दोष कोणता होता हे कळणार नाही. आणि न कळलेला दोष पुन्हा आडरानात भेटतो. आमच्या नैयायिकांनी धुरावरून अग्नीचे अनुमान शिकविले, ते हेतू दाखवून. तोच हेतू आपण गॅरेजमध्येही मागावा. "हा भाग गेला" असे कोणी म्हटले, की रागावून नव्हे तर शांतपणे विचारावे, "कशावरून?" चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा आनंदच होतो, तो आपल्याला बॉनेटजवळ बोलावतो आणि दाखवतो.